आज्ञावलीतील चलांचे नामकरण

विद्यार्थिमित्रहो, भाषेच्या शिक्षकाने संगणकाविषयी लिहावे ह्याचे तुमच्यापैकी कित्येकांस नवल वाटेल. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. व्याकरण आणि निबंध हे आमचे क्षेत्र. परंतु आठवी-नववीच्या मुलांनी संगणक-कक्षात लिहिलेल्या आज्ञावली आम्ही गेली काही वर्षे उत्सुकतेने वाचीत आलो आहोत, आणि त्यांतील एक भाग आमच्याच क्षेत्रात मोडतो असे आमचे मत झाले आहे. तो भाग म्हणजे चलांची नावे. बेरीज कोणत्या चिन्हाने करावी, अट कोणत्या शब्दाने घालावी, हे सारे आज्ञावलीच्या भाषेने आगाऊ ठरवून टाकलेले असते. नावे तेवढी लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली असतात.

संगणकाच्या स्मृतीत एखादी किंमत ठेवावयाची, ती हवी तेव्हा सापडावी म्हणून तिच्या जागेला नाव द्यावयाचे, आणि आतील किंमत बदलली तरी नाव तेच राखावयाचे. अशा नाव दिलेल्या जागेला चल म्हणतात. फडताळातील डब्यांवर आई चिठ्ठ्या चिकटविते त्यातलाच हा प्रकार. भेद एवढाच की, डबा उघडून आत साखर आहे की मीठ हे चाखून पाहता येते. आज्ञावली वाचणाऱ्याला ती सोय नसते. त्याला चिठ्ठीवरच विसंबावे लागते.

यंत्राला चिठ्ठीवरील अर्थाशी कर्तव्य नाही. 'क' म्हणा, 'एकूण_गुण' म्हणा, की 'हत्ती' म्हणा. बेरीज तीच येते. म्हणूनच काही मुले विचारतात, "सर, उत्तर बरोबर आले, मग नावाचे काय अडले आहे?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उदाहरणाने देणे बरे. हजेरीपत्रकावरून उपस्थितीचे शेकडा प्रमाण काढणारी पुढील ओळ पाहा:

त = ब / अ * १००

ही ओळ बरोबर आहे काय? कितीही वेळ न्याहाळली तरी सांगता येणार नाही. 'अ' कोण आणि 'ब' कोण हे कळल्यावाचून बरोबर-चूक ठरविण्यास आधारच नाही. आता तीच ओळ नावे बदलून लिहू:

उपस्थिती_टक्के = कामाचे_दिवस / हजर_दिवस * १००

आता सहावीतील मूलही म्हणेल की, हे उलटे झाले आहे. हजर दिवस वर पाहिजेत. वर्षात २२० दिवस शाळा भरली आणि एखादी मुलगी १९८ दिवस आली, तर तिची उपस्थिती शेकडा ९० होते. ही ओळ मात्र १११ हून अधिक सांगते. जो केवळ ११० दिवस आला त्याची उपस्थिती ह्या हिशेबाने शेकडा २०० भरते! परीक्षेला बसण्यासाठी किमान उपस्थितीची अट असेल, तर जो जितका गैरहजर तितका तो निर्धास्त. आणि गंमत अशी की, जो विद्यार्थी एकही दिवस चुकला नाही त्याच्यावर आज्ञावली पडताळून पाहिली, तर उत्तर बरोबर १०० येते. अशा एका नमुन्यावर समाधान मानून आज्ञावली वापरात आणली, तर अन्याय कोणावर झाला हे कोणाच्या ध्यानातही येणार नाही. चूक दोन्ही ओळींत तीच आहे. पहिल्या ओळीत ती लपून बसली आहे आणि दुसरीत डोळ्यांत भरते आहे.

एकाक्षरी नावांची सवय आपल्याला गणितातून लागली आहे, आणि गणितात ती मुळीच वाईट नाही. आपल्याकडील बीजगणिताची परंपरा ह्या बाबतीत मोठी रंजक आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' ह्या ग्रंथात अज्ञात राशींना वर्ण, म्हणजे रंग, असे म्हटले आहे. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात पहिली अज्ञात राशी 'यावत्तावत्', आणि पुढच्या 'कालक', 'नीलक', 'पीतक', 'लोहितक' अशा येतात. लिहिताना 'या', 'का', 'नी', 'पी', 'लो' एवढी आद्याक्षरेच घ्यावयाची. (ह्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापिल्याचा शिलालेख चाळीसगावनजीक पाटण येथे आहे, खानदेशात सहल गेली तर अवश्य पाहावा.) युरोपात व्हिएत ह्या फ्रेंच गणितज्ञाने १५९१ साली अज्ञातांसाठी स्वर आणि ज्ञातांसाठी व्यंजने योजिली, पुढे १६३७ साली देकार्तने वर्णमालेच्या आरंभीची अक्षरे ज्ञातांना आणि अखेरची अज्ञातांना दिली. आज आपण 'एक्स' आणि 'वाय' म्हणतो ते त्याच्यामुळे.

गणितज्ञाला एकच समीकरण पायरीपायरीने दहा वेळा हाताने लिहावे लागते. तेथे लांब नाव म्हणजे शिक्षाच. शिवाय 'क्ष ही मुलाच्या वयाची वर्षे मानू' हे वाक्य त्याने वर लिहून ठेवलेले असते आणि सारे उदाहरण एका पानात संपते. आज्ञावलीची स्थिती निराळी आहे. तेथे ओळ एकदाच लिहावयाची असते, पुनरावृत्ती यंत्र करिते. आणि आज्ञावली एका पानात संपत नाही. ती शेकडो, हजारो ओळींची होते, वर्षानुवर्षे चालते, आणि मूळ लिहिणारा निघून गेल्यावर दुसऱ्याच्या हाती पडते.

आरंभीच्या काळी लांब नावे देण्याची सोय नव्हती हेही खरे. आय. बी. एम. कंपनीत जॉन बॅकस ह्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली फोरट्रान भाषा १९५७ साली वापरात आली. तीत नाव फार तर सहा अक्षरांचे असे. ती ज्या यंत्रासाठी रचली गेली त्याच्या स्मृतीच्या एका घरात बरोबर सहाच अक्षरे मावत. त्याच भाषेत 'आय' पासून 'एन' पर्यंतच्या अक्षरांनी सुरू होणारे नाव पूर्णांकाचे आणि बाकीची दशांश संख्यांची, असा नियम होता. आजही फेरे मोजणाऱ्या चलाला जगभर 'आय' आणि 'जे' म्हणतात, त्या रूढीला ह्या नियमाने बळ दिले. ह्यावरून पुढे एक विनोदही निघाला: इंग्रजीत 'गॉड' हा शब्द 'जी' ह्या अक्षराने सुरू होतो, म्हणून, पूर्णांक असल्याचे मुद्दाम जाहीर केले नसेल, तर देव ही वास्तव संख्या आहे! १९६४ सालच्या बेसिक भाषेत तर नाव म्हणजे एक अक्षर, किंवा एक अक्षर आणि एक अंक, बस्स. ह्याउलट व्यापारी हिशेबांसाठी १९६० च्या सुमारास निघालेल्या कोबोलमध्ये तीस अक्षरांपर्यंत नाव चाले, कारण व्यवहारातल्या माणसाला ते वाचता यावे हा तिच्या कर्त्यांचा हेतूच होता. आज जागेची अडचण उरलेली नाही. दोन-तीन अक्षरे टंकित करताच उरलेले नाव संगणक स्वतःच सुचवितो.

आता आपल्या शाळेत शिकवितात त्या पायथन भाषेकडे वळू. नावात अक्षरे, अंक आणि अधोरेषा चालतात; अंकाने आरंभ चालत नाही; मध्ये मोकळी जागा चालत नाही. जोडरेघही चालत नाही, कारण 'एकूण-गुण' असे लिहिले तर यंत्र 'एकूण'मधून 'गुण' वजा करू पाहते. आणि डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीतही देता येतात. ह्या लेखातील नावे जशीच्या तशी चालतील. संख्या तेवढ्या आंतरराष्ट्रीय अंकांत टंकित कराव्या लागतील. 'दुसऱ्या' ह्या शब्दातील अर्ध्या 'र'सारखी अक्षरे टंकित करताना काही कळफलक मध्ये एक अदृश्य सांधणारे चिन्ह घालतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण पायथन ते नाव नाकारते.

देवनागरी नाव दिले की शुद्धलेखनाचे महत्त्व आपोआप कळते. एका ठिकाणी 'एकूण_गुण' लिहिले आणि दुसऱ्या ठिकाणी किंमत भरताना 'एकुण_गुण' लिहिले, तर यंत्र कुरकुर न करिता नवा डबा आणून ठेवते. किंमत नव्या डब्यात पडते, जुना डबा जुन्याच किमतीवर राहतो, आणि निकालपत्रकात जुनीच बेरीज छापली जाते. आम्ही ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीला अर्धा गुण कापितो; यंत्र त्याहून कठोर आहे. इंग्रजीत एकेरी 'एल' आणि 'ओ' ही अक्षरे एक आणि शून्य ह्या अंकांसारखी दिसतात, म्हणून पायथनच्या लेखनसंकेतांत त्यांची एकाक्षरी नावे वर्ज्य मानिली आहेत. आपल्याकडे 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', जुन्या वळणाचा 'ख' आणि 'रव' ह्या जोड्या तशाच फसव्या आहेत. तेव्हा 'घ' आणि 'ध' असे दोन चल एकाच आज्ञावलीत शेजारी बसवू नयेत.

दिसण्याचा प्रश्न सोपा आहे. अर्थाचा कठीण. आमची घरची बोली कोंकणी. तीत होऊन गेलेल्या परवाला 'पयर' म्हणतात आणि येणाऱ्या परवाला 'परवां'. मराठीत मात्र दोन्ही दिवसांना 'परवा' हा एकच शब्द. बोलताना त्याने काही बिघडत नाही. 'परवा गेलो' आणि 'परवा जाईन' ह्यांतील क्रियापद अर्थ सांभाळून घेते. चलाला असे क्रियापद सोबत नसते. 'परवा' नावाच्या चलात कोणती तारीख आहे, हे एकट्या नावावरून कसे कळावे? 'तास' हा शब्दही असाच. घड्याळाचा तास साठ मिनिटांचा, आणि वेळापत्रकातला तास शाळा ठरवील तेवढ्या मिनिटांचा, बहुधा त्याहून कमी. वेळापत्रकाच्या आज्ञावलीत 'तास = ६' असे कोणी लिहिले, तर पुढचा वाचणारा त्याला साठाने गुणील, आणि शाळा नको तितकी उशिरा सुटेल. तेथे 'तासिका_संख्या' आणि 'तासिकेची_मिनिटे' अशी दोन नावे हवीत.

मापाचे एकक नावात लिहावे असा आमचा आग्रह आहे. 'अंतर' ह्यापेक्षा 'अंतर_किमी' बरे; 'वजन' ह्यापेक्षा 'वजन_ग्रॅम' बरे. ह्याला आधार म्हणून एक प्रसिद्ध घटना सांगतो. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी एक यान सोडले. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते मंगळाशी पोहोचले, ग्रहाच्या मागे गेले, आणि पुन्हा त्याचा संदेश आला नाही. चौकशीत असे आढळले की, यानाच्या लहान धक्क्यांचा हिशेब करणारी एक आज्ञावली आपले आकडे पौंड ह्या इंग्रजी मापात देत होती, आणि ते घेणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटन ह्या मेट्रिक मापातील समजून वापरीत होती. एका पौंड-बलाचे सुमारे ४.४५ न्यूटन होतात. म्हणजे प्रत्येक धक्का प्रत्यक्षाहून तितक्या पटीने लहान धरला गेला. नऊ महिन्यांच्या प्रवासात ही चूक साचत गेली. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जावयाचे ते यान सुमारे ५७ किलोमीटरवर, वातावरणातच, शिरले. नुसत्या नावांनी हे टळलेच असते असे आम्ही म्हणणार नाही. मेट्रिक माप वापरावे असे लेखी ठरलेलेच होते आणि ते पाळले गेले नाही. तथापि आकड्यांच्या माथ्यावरच 'पौंड' असा शब्द असता, तर एवढ्या महिन्यांत कोणातरी वाचणाऱ्याची नजर तेथे अडखळली असती असे मानण्यास जागा आहे.

आता थोडे व्याकरण. ते टाळून आम्हांस पुढे जाता येत नाही. चल म्हणजे वस्तू किंवा तिचे मान, म्हणून त्याचे नाव नाम असावे: 'सरासरी', 'जन्मतारीख', 'शिल्लक_रक्कम'. काम करणाऱ्या खंडाचे नाव क्रियापदाने संपावे: 'सरासरी_काढा'. ज्या चलात केवळ होय किंवा नाही एवढेच ठेवावयाचे, त्याचे नाव छोटे विधान असावे: 'उत्तीर्ण_आहे'. तेथे नकार मात्र घालू नये. 'अनुपस्थित_नाही' ह्या चलात 'नाही' अशी किंमत असली तर मुलगा वर्गात आहे की घरी, हे सांगण्यास आम्हांलाही क्षणभर थांबावे लागते.

वचनाचा प्रश्न मराठीत विशेष आहे, आणि इंग्रजी पुस्तकांवरून शिकणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही. ती पुस्तके सांगतात की, एका वस्तूला एकवचनी आणि यादीला अनेकवचनी नाव द्या. इंग्रजीत ते साधते. मराठीत 'पुस्तक' आणि 'पुस्तके' येथवर ठीक. पण 'गुण' ह्याचे अनेकवचन 'गुण'च, 'विद्यार्थी' ह्याचे 'विद्यार्थी'च. एक विद्यार्थी आला, चाळीस विद्यार्थी आले, शब्द तोच. म्हणून आपण 'विद्यार्थी_यादी' आणि 'गुण_यादी' असेच म्हणावे. आमच्या मते हे इंग्रजी पद्धतीहूनही स्पष्ट आहे, कारण तेथे एकवचन आणि अनेकवचन ह्यांत शेवटच्या एका अक्षराचा भेद असतो आणि घाईत तो निसटतो.

संक्षेपांविषयी विद्यार्थ्यांचा मोह फार. 'एकूण_गुण' ह्याचे 'एगु' करितात आणि पंधरा दिवसांनी 'एगु' म्हणजे काय हे स्वतःच विचारीत येतात. पत्राच्या मायन्यातील 'स. न. वि. वि.' सर्वांस कळते, 'ता. क.' कळते, कारण पिढ्यान् पिढ्या समाजाने ते मान्य केले आहेत. 'किमी' आणि 'रु' ह्यांचेही तसेच. एकट्याने घडविलेल्या संक्षेपाला अशी मान्यता नसते. जे नाव वर्गात मोठ्याने उच्चारून शेजाऱ्याला समजत नाही ते बदलावे. ह्याचा अर्थ नाव वाटेल तितके लांबवावे असा नव्हे. 'विद्यार्थ्याने_लेखी_परीक्षेत_मिळविलेले_गुण' असे नाव चार वेळा एका ओळीत आले, तर त्यातून गणित शोधावे लागेल, 'लेखी_गुण' पुरे. दोन ओळींत जन्मून दोन ओळींत संपणाऱ्या मोजणीच्या चलाला 'क्र' म्हटले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

निरर्थक नावाहून घातक असते ते खोटे नाव. आमच्याकडे पावसाळ्याच्या बेगमीला सुकी सुंगटे आणि सोले बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवितात. घरच्यांना ते ठाऊक असते, पाहुण्याचा मात्र हात फसतो. आज्ञावलीत हे असे घडते: प्रथम 'सर्वाधिक_गुण' काढावयाचे ठरते, मग बेत बदलतो, त्याच डब्यात सरासरी ठेविली जाते, आणि चिठ्ठी बदलावयाची राहून जाते. 'क' हे नाव वाचणाऱ्याला निदान संशयात तरी ठेविते. 'सर्वाधिक_गुण' त्याला निःशंकपणे चुकीच्या वाटेला लाविते. म्हणून डब्यातील वस्तू बदलली की त्याच बैठकीत चिठ्ठी बदलावी. आजच्या साधनांत एका ठिकाणी नाव बदलले की सर्वत्र बदलण्याची सोय असते. आळसाला निमित्त उरलेले नाही.

नावे कोणत्या भाषेत द्यावी, ह्यावर मतभेद संभवतो. पुढे नोकरीव्यवसायात परदेशस्थांबरोबर काम पडेल, तेव्हा इंग्रजी नावे द्यावीच लागतील, हे उघड आहे. परंतु शिकण्याच्या वयात ज्या भाषेत प्रश्न समजला त्याच भाषेत नाव सुचते, ते अडवू नये. अर्धवट इंग्रजी मात्र टाळावी. आपल्याकडे 'प्रेझेंटी' हा शब्द सर्रास चालतो. कोणत्याही साहेबाला तो कळणार नाही. पैकीच्या पैकी गुणांना आपली मुले 'आउट ऑफ' म्हणतात. तो चल वाचून परका मनुष्य काय समजेल? 'कमाल_गुण' म्हणावे, किंवा शब्दकोश उघडून खरा इंग्रजी शब्द शोधावा.

अभ्यासासाठी दोन ओळी देतो:

अ = ब - क
ड = अ * ग

'ब' २१, 'क' १४ आणि 'ग' २ असेल तर 'ड' १४ येतो. हा एखाद्या दुकानदाराचा नफा असू शकेल: २१ रुपयांस विकलेली, १४ रुपयांस घेतलेली वस्तू, अशा दोन. किंवा ग्रंथालयाचा दंड असू शकेल: पुस्तक २१ दिवस ठेविले, मुदत १४ दिवसांची, दर दिवसाला दोन रुपये. दोन्हींसाठी नावे घालून ओळी पुन्हा लिहा. मग 'ब' १० धरून पाहा. 'ड' उणे ८ येईल. दुकानदाराला तो तोटा आहे आणि उत्तर बरोबर आहे. ग्रंथालयाच्या बाबतीत मात्र, पुस्तक चार दिवस आधी परत करणाऱ्याला ग्रंथपालांनीच आठ रुपये द्यावेत असा त्याचा अर्थ होईल. 'अ' हे नाव असताना ही अडचण सुचत नाही. 'उशिराचे_दिवस' असे नाव दिले की, ते उणे कसे असतील, हा प्रश्न लगेच उभा राहतो. त्यासाठी कोणती अट घालावी लागेल ती लिहून, वही येत्या सोमवारी संगणक-कक्षात आणावी.